चित्र तेच, पाटी नवी

म्हैसूर बघून आलेल्या माणसाला विचारा, काय काय पाहिलंत? राजवाडा, चामुंडी आणि म्हैसूरपाक सांगून झाला की तो हमखास म्हणणार, "आणि जगनमोहन पॅलेसमधलं रविवर्म्याचं ते दिवेवाल्या बाईचं चित्र! अहाहा!" चित्र अहाहाच आहे, त्यात वाद नाही. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, उजेडानं लालसर झालेल्या बोटांच्या कडा आणि चेहऱ्यावर सोनेरी झळाळी. फक्त ते रविवर्म्याचं नाही. सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी ते १९४५-४६च्या सुमारास काढलं. राजा रविवर्मा १९०६ सालीच वारले होते. दिवा धरून उभी राहिलेली मुलगी हळदणकरांची स्वतःची लेक. आणि हे सगळं तैलरंगात नव्हे, जलरंगात! एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेला ज्यानं पाण्याचे रंग कालवलेत, त्याला यातली करामत वेगळी सांगायला नको.

मग रविवर्म्याचं नाव तिथं चिकटलं कसं? त्याच गॅलरीत त्यांची खरीखुरी चित्रंही आहेत, हे एक कारण. दुसरं कारण छापखाना. १८९४ साली गिरगावात सुरू झालेला त्यांचा शिळाप्रेस पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देव्हाऱ्यांत जाऊन बसल्या. विसावं शतक उजाडता उजाडता त्यांनी छापखाना श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकलाही. पण पाटी 'रविवर्मा प्रेस'चीच राहिली, आणि खुद्द रविवर्मा गेल्यावरही कित्येक वर्षं त्या नावानं तसबिरी निघत राहिल्या. भरजरी शालूतली कुठलीही देवी दिसली की 'रविवर्म्याची' म्हणायची सवय लागली ती तेव्हापासून. जे जे देखणं, ते ते बड्या नावाच्या खात्यावर जमा! कलेच्या बाजारात चित्र कुणी काढलं याइतकंच, किंबहुना जरा जास्तच, महत्त्व आहे ते त्यावर नाव कोण लावतो याला.

'यांचं', 'यांचं असावं', 'यांच्यासारखं'

हापूसच्या पेटीवर 'देवगड' लिहिलंय, 'देवगडसारखा' लिहिलंय की नुसतंच 'हापूस', हे आपण चष्मा लावून बघतो. बड्या लिलावघरांचे कॅटलॉगही तसेच वाचायचे असतात. चित्रकाराचं पूर्ण नाव, पुढेमागे काही नाही, याचा अर्थ चित्र खास त्याच्याच हातचं असं आमचं मत. 'यांचं असावं' म्हणजे बहुधा त्याचं, पण पैजेवर सांगणार नाही. 'यांच्या स्टुडिओतलं' म्हणजे शिष्यांनी रंगवलेलं, गुरुजींनी फार तर नजर टाकलेली. 'यांच्या वर्तुळातलं' म्हणजे काळ तोच, माणूस दुसरा. 'यांच्या शैलीतलं' म्हणजे काळही तो नव्हे. आणि 'यांच्यावरून' म्हणजे सरळ नक्कल. एकेक पायरी उतरली की किमतीतली शून्यं गळत जातात.

या जिन्यावर सगळ्यात जास्त चढउतार केली ती 'साल्वातोर मुंदी' या ख्रिस्ताच्या चित्रानं. १९५८ साली लंडनच्या लिलावात ते लिओनार्दोचा शिष्य बोल्ट्राफियो याच्या नावावर होतं. किंमत आली ४५ पौंड. २००५ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला ते १,१७५ डॉलरला गेलं. मग साफसफाई झाली, जाणकार जमले आणि २०११ साली लंडनच्या नॅशनल गॅलरीनं ते थेट लिओनार्दोचं म्हणून भिंतीवर लावलं. नोव्हेंबर २०१७मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याची एकूण किंमत गेली ४५ कोटी ३ लाख डॉलरवर. लिलावघराची चलाखी बघा: पाचशे वर्षांपूर्वीचं हे चित्र त्यांनी जुन्या उस्तादांच्या विक्रीत ठेवलंच नाही, युद्धोत्तर आणि समकालीन कलेच्या विक्रीत ठेवलं, कारण पैसेवाले तिथं बसतात. पुढे २०२१ साली माद्रिदच्या प्रादो संग्रहालयानं आपल्या कॅटलॉगमध्ये त्याला पुन्हा एक पायरी खाली उतरवलं. लिलावानंतर ते चित्र लोकांसमोर आलेलंच नाही, त्यामुळे तुम्हीआम्ही फक्त पाटीबद्दलच बोलायचं.

बर्लिनमधल्या 'सोनेरी शिरस्त्राणवाल्या माणसा'चं याच्या उलट झालं. रेम्ब्रांटच्या सगळ्यात लाडक्या चित्रांपैकी ते एक. १९८०च्या दशकात तज्ज्ञांनी सांगितलं की हे रेम्ब्रांटचं नाही. चित्रातला एक केस इकडचा तिकडे झाला नाही, पण दर्जा गेला तो गेलाच. मला विचाराल तर ते अजूनही तितकंच जबरदस्त आहे. पण मला विचारतंय कोण!

हॉलंडच्याच युडिथ लाइस्टरबाईंची गोष्ट मात्र वाचताना राग येतो. सतराव्या शतकात हार्लेममध्ये त्यांचं चांगलं नाव होतं. मेल्यावर ते पार पुसलं गेलं आणि चित्रं फ्रान्स हाल्सच्या नावावर चढली. १८९३ साली हाल्सचं म्हणून विकल्या गेलेल्या एका चित्रावर बारकाईनं पाहिल्यावर जे-एल ही अक्षरं आणि बाजूला एक चांदणी सापडली. ती बाईंची खूण. आता यावर व्यापाऱ्यांनी काय करावं? प्रकरण कोर्टात नेलं! हाल्सचे पैसे दिले आणि बाईचं चित्र गळ्यात मारलं, अशी तक्रार. शेवटी किंमत उतरवून समेट झाला.

पंड्यांची वही आणि चित्रकाराची वंशावळ

आपल्याकडे चित्रावर सही करायची रीतच फारशी नव्हती. मोगल दरबारात कारकून समासात नाव टिपून ठेवत, म्हणून मन्सूर, अबुल हसन ही नावं कळली. जहांगीर बादशहानं तर आत्मचरित्रात फुशारकीच मारली आहे: एकाच चित्रात चेहरा एकानं आणि डोळे-भुवया दुसऱ्यानं काढल्या असतील, तरी कुठलं काम कुणाचं ते मी सांगतो. पण पहाडी चित्रांच्या वाट्याला असा हिशेबी दरबार आला नाही. त्यामुळे अभ्यासक ती संस्थानांवरून ओळखत: हे गुलेरचं, हे कांग्र्याचं, हे बसोलीचं. जणू चित्रं गावांनी काढली, माणसांनी नाहीच.

ब्रिजिंदरनाथ गोस्वामी या संशोधकाला वेगळीच वाट सुचली. नाशिक-त्र्यंबकेश्वरला आपल्या क्षेत्रोपाध्यांकडे घराण्याची नामावळी असते, तशा हरिद्वारच्या पंड्यांकडे बह्या असतात. घरातलं कुणी गेलं, अस्थी घेऊन माणूस आला, की नाव, गाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव, जात आणि धंदा असं सगळं लिहून घ्यायचं. पहाडातले चितारीही माणसंच. तेही अस्थी घेऊन हरिद्वारला गेले असणार! गोस्वामींनी त्या लांबलचक बह्या चाळायला घेतल्या आणि त्यातून पंडित सेऊ, त्याचे मुलगे मानकू आणि नैनसुख, पुढची पोरं-नातवंडं असं अख्खं घराणं वर आलं. १७६३ साली आपला आश्रयदाता, जसरोट्याचा बलवंतसिंह वारल्यावर नैनसुख स्वतः हरिद्वारला गेल्याची नोंद सापडली. १९६८ साली मुंबईच्या 'मार्ग'मध्ये गोस्वामींचा लेख आला: शैली संस्थानाची नसते, कुटुंबाची असते. आज नैनसुखच्या नावानं पुस्तकं आहेत, प्रदर्शनं होतात. एखाद्या चित्रकाराला दोनशे वर्षांनी नाव परत मिळालं आणि ते मिळवून द्यायला ना लिलावघर होतं ना गॅलरी, दक्षिणा घेऊन वही लिहिणारे भटजी होते. या सगळ्या पसाऱ्यातला हा माझा सर्वांत आवडता किस्सा.

नावं ठेवावी तर अशी

इटलीत चित्रकाराला बापाच्या धंद्यावरून नाहीतर टोपणनावानं हाक मारत. तिंतोरेत्तो म्हणजे रंगाऱ्याचा पोरगा. बोत्तिचेल्ली म्हणजे चक्क छोटं पिंप. सगळ्यात वाईट नशीब दानिएले दा व्होल्तेरा याचं. मायकेलअँजेलोच्या 'अंतिम न्याया'तल्या उघड्या देहांवर वस्त्रं रंगवायचं काम चर्चनं त्याला दिलं. लोकांनी त्याचं नाव 'चड्डीवाला' ठेवलं आणि तेच इतिहासात गेलं. हा माणूस स्वतः उत्तम शिल्पकार-चित्रकार होता हो!

पिकासोचे वडील रुईझ, तेही चित्रकारच. पोरगा आधी दोन्ही आडनावं लावायचा. १९०१च्या सुमाराला वडिलांचं गाळलं आणि आईचं तेवढं ठेवलं. गोव्यात साळगावला १९२४ साली जन्मलेल्या चित्रकार सूझाचं बारशाचं नाव न्यूटन. लहानपणी देवी आल्या, वाचेल असं वाटेना. आईनं सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस बोलला, पोर वाचलं आणि नावामागे फ्रान्सिस लागलं. सुरुवातीच्या चित्रांवर सही 'न्यूटन'. लंडन गाजवलं ते 'सूझा'नं. संताच्या नावाचा हा माणूस आयुष्यभर पाद्र्यांना अंगावर घेत राहिला, ही वेगळीच गंमत.

सह्याजीराव

सही ही चीज गंभीरपणे घेणाऱ्यांत पहिला मान जर्मनीच्या ड्यूररचा. 'ए'च्या कमानीखाली 'डी' अशी त्याची खूण. व्हेनिसमध्ये रायमोंदी नावाच्या पठ्ठ्यानं त्याची चित्रं खुणेसकट छापून विकली. व्हसारी या चरित्रकाराच्या म्हणण्याप्रमाणे ड्यूररनं तक्रार केली, तेव्हा निकाल असा लागला: चित्राची नक्कल चालेल, खुणेची चालणार नाही.

आता दुसरं टोक. फ्रान्सचा कोरो इतका भिडस्त, की अडल्यानडल्या मित्राच्या चित्रावर आपली सही ठोकून द्यायचा. म्हणून तिकडे जुना विनोद आहे, की कोरोनं आयुष्यात काही शे चित्रं काढली आणि त्यांतली काही हजार अमेरिकेत आहेत. कोलकात्यात जामिनी रॉय यांनी तर हे तत्त्व म्हणूनच केलं. जुन्या पटुआ कारागिरांसारखा घरचा कारखाना, मुलगा आणि मदतनीस हाताखाली, चित्रं स्वस्त, सही बंगालीत. कला सामान्य माणसाच्या घरी जावी हा हेतू. आज त्या स्वस्त चित्रांसाठी लाखो रुपये मोजणारा गिऱ्हाईक 'यातला ब्रश नक्की कुणाचा?' म्हणून कपाळाला हात लावतो.

साल्व्हादोर दालीला एवढं तत्त्वबित्त्व नव्हतं. तो कोऱ्या कागदांवर सह्या करून द्यायचा, चित्र मागाहून ज्यानं त्यानं छापावं. १९७४ साली फ्रेंच कस्टमवाल्यांनी अँडोराकडे निघालेला एक ट्रक अडवला, त्यात असे ४० हजार सही केलेले कोरे कागद निघाले म्हणतात.

अँडी वॉरहॉलच्या सुरुवातीच्या कामांवरचं वळणदार अक्षर त्याच्या आईचं. कधीकधी सहीही आईचीच. १९६७ साली विद्यापीठांनी व्याख्यानाला बोलावलं, तर यानं आपल्याऐवजी केस रुपेरी करून एक नट पाठवून दिला. काही महिन्यांनी भांडं फुटलं. याच वॉरहॉलच्या मृत्यूनंतर खरं-खोटं ठरवायला एक मंडळ बसलं. त्यांना चित्र पटलं नाही की ते कॅनव्हासच्या पाठीवर शाईनं 'नामंजूर' असा शिक्का मारत. परत घरी आणायचं ते असं शिक्का मारलेलं चित्र! खटल्यांच्या खर्चाला कंटाळून ते मंडळ २०१२ साली गुंडाळलं गेलं.

व्हर्मीर भट्टीत भाजलेला

हान व्हान मेगेरेन हा डच चित्रकार. समीक्षकांनी त्याला मोडीत काढलेलं, त्याचा राग डोक्यात. त्यानं सतराव्या शतकातले खरे कॅनव्हास मिळवले, वरचा रंग खरवडला, त्या काळचेच रंग घोटले. अडचण एकच: तैलरंग पुरता कडक व्हायला कित्येक दशकं लागतात आणि तपासणारा आधी स्पिरिटचा बोळा फिरवतो. त्यानं रंगात बेकेलाइटचा माल कालवला, म्हणजे जुन्या विजेच्या बटणांचं ते काळं प्लास्टिक, आणि चित्र भट्टीत भाजलं. मग गुंडाळून चिरा पाडल्या आणि चिरांत काळी शाई भरली. १९३७ साली अब्राहम ब्रेडियस या त्या वेळच्या सगळ्यात मोठ्या जाणकारानं ते पाहिलं आणि हीच व्हर्मीरची सर्वश्रेष्ठ कृती असं जाहीर केलं. रॉटरडॅमच्या बोइमान्स संग्रहालयानं पाच लाखांवर गिल्डर मोजले.

तुलनेसाठी एक आकडा. 'मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी' हे खऱ्या व्हर्मीरचं चित्र १८८१ साली हेगच्या लिलावात दोन गिल्डर तीस सेंटला गेलं होतं, कारण तेव्हा ते ओळखलंच नव्हतं कुणी.

पुढे महायुद्धात मेगेरेनचा एक 'व्हर्मीर' फिरत फिरत नाझी पुढारी गोअरिंगकडे पोचला. युद्ध संपल्यावर पोलीस दारात: राष्ट्राचा ठेवा शत्रूला विकलास! शिक्षा जबर होती. तेव्हा हा म्हणाला, ठेवा कसला, मीच रंगवलंय ते. कुणी विश्वास ठेवेना. बड्याबड्या जाणकारांनी शिक्का मारलेला माल हा खोटा म्हणतो म्हणजे काय! शेवटी पहाऱ्यात बसवून त्याच्याकडून आणखी एक 'व्हर्मीर' काढून घेतला. देशद्रोही ठरणारा माणूस गोअरिंगला टोपी घालणारा हिरो झाला. १९४७च्या नोव्हेंबरात बनावटगिरीबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली, ती भोगायच्या आधीच डिसेंबरात तो हृदयविकारानं गेला.

जाणकारी पुढे सुधारली म्हणावं, तर न्यूयॉर्कची नोडलर ही दीडशेहून जास्त वर्षं जुनी गॅलरी २०११ साली बंद पडली. रोथको, पोलॉक अशा नावांची कोट्यवधी डॉलरची चित्रं तिथून गेली होती आणि ती सगळी क्वीन्स भागात राहणाऱ्या एका चिनी चित्रकारानं काढलेली निघाली. एका चित्रावर तर खुद्द पोलॉकच्या सहीतलं 'सी' अक्षर राहून गेलेलं! आपल्याकडेही २००९ साली सय्यद हैदर रझा दिल्लीत स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले, भिंतीवरून नजर फिरवली आणि म्हणाले, ही माझी नाहीत. प्रदर्शन गुंडाळावं लागलं. चित्रकार हयात होता आणि पायानं चालत आला, म्हणून निदान कळलं तरी.

एल्मीर डे होरी या हंगेरियन बहाद्दराची कीर्ती मेगेरेनच्याही पुढची. त्यानं रंगवलेले मातिस-मोदिग्लियानी इतके गाजले, की त्याच्या मृत्यूनंतर 'अस्सल डे होरी' म्हणून नकला विकल्या जाऊ लागल्या आणि त्यांतही बनावट निघाले.

नवऱ्याचा खांदा दुखला तेव्हा

मोठ्ठ्या डोळ्यांच्या मुलांची चित्रं १९६०च्या दशकात अमेरिकेत घराघरात होती. सही 'कीन', आणि मिरवायचा वॉल्टर कीन. चित्रं काढायची त्याची बायको मार्गारेट, दार बंद करून. घटस्फोटानंतर तिनं खरं सांगितलं, यानं तिलाच खोटं पाडलं. १९८६ साली होनोलुलूच्या कोर्टात न्यायाधीशांनी सरळ दोघांना इथंच रंगवा म्हटलं. वॉल्टरचा खांदा दुखायला लागला. मार्गारेटनं ५३ मिनिटांत चित्र पुरं केलं. ज्यूरीनं ४० लाख डॉलर देवविले; पुढे अपिलात रक्कम उडाली, नाव मात्र तिच्याकडे राहिलं.

ऑस्लोच्या दवाखान्यातले हुसेन

पंढरपूरचे मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवायचे. कृष्णाजी हौळाजी आरा मोटारी धुवायचे. 'टाइम्स'चे कलासमीक्षक रूडी फॉन लायडन यांनी त्यांचा हात ओळखला नसता, तर १९४७ साली निघालेल्या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये आरा नसते. हुसेनांचं जवळपास १४ फुटी 'ग्रामयात्रा' १९५४ साली एका डॉक्टरनं घेतलं आणि ते पुढे ऑस्लोच्या इस्पितळात जाऊन पोचलं. दशकानुदशकं भिंतीवर टांगलेलं, खालून पेशंट ये-जा करतायत. मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला १ कोटी ३८ लाख डॉलर आले, म्हणजे ११८ कोटी रुपयांच्या घरात.

ते परदेशात विकता आलं, कारण हुसेन 'नवरत्नां'त नाहीत. १९७२च्या कायद्याखाली नऊ चित्रकारांची कामं राष्ट्रीय ठेवा ठरली: रविवर्मा, अमृता शेर-गिल, जामिनी रॉय, तीन टागोर, नंदलाल बोस, शैलोझ मुखर्जी आणि चक्क एक रशियन, निकोलस रोरिक. यांची चित्रं देशाबाहेर न्यायला बंदी. मानाचं पान खरं, पण गिऱ्हाईक फक्त घरचं. तरीही शेर-गिलच्या १९३७च्या एका चित्राला २०२३ साली ६१ कोटी ८० लाख मिळालेच. आणि वर्षाला मोजकीच चित्रं काढून कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या गायतोंड्यांनी सप्टेंबर २०२५मध्ये ६७ कोटी ओलांडले. हयातीत त्यांना हा आकडा कुणी सांगितला असता, तर त्यांनी दार लावून घेतलं असतं.

नावच नाही, आणि माणूसच नाही

चित्रकार बँक्सी म्हणजे नक्की कोण, हे त्यानं आजवर स्वतःहून सांगितलेलं नाही. २०१३ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्यानं एका म्हाताऱ्याला स्टॉल लावून बसवलं, सही केलेली चित्रं ६० डॉलरला. दिवसभरात गल्ला ४२० डॉलर. एका बाईनं तर घासाघीस करून अर्ध्या भावात नेली. नाव लावलं नाही की असं होतं. उलट २०१८ साली लंडनला त्याचं चित्र दहा लाख पौंडांवर विकलं गेलं आणि हातोडा पडताक्षणी चौकटीत लपवलेल्या यंत्रानं अर्धं कातरून टाकलं. तीन वर्षांनी त्याच चिंध्यांना १ कोटी ८५ लाख पौंडांवर भाव आला. पण अज्ञातवासाची किंमतही मोजावी लागते. एका भेटकार्डाच्या कंपनीशी झालेल्या भांडणात २०२० साली युरोपच्या ट्रेडमार्क कार्यालयानं त्याची नोंदणी रद्द केली. कारणांत हेही होतं, की मालक कोण हेच जो सांगत नाही, त्याची मालकी मानायची कशी?

नॅट टेट हा तर त्याच्याही वरताण. विल्यम बॉइड या कादंबरीकारानं १९९८ साली या अमेरिकन चित्रकाराचं चरित्र काढलं. डेव्हिड बोवीनं न्यूयॉर्कला समारंभ केला, ३१ मार्चच्या रात्री. जमलेले कलावाले माना डोलावून टेटच्या आठवणीही सांगू लागले म्हणतात. असा माणूस कधी नव्हताच. लंडनच्या नॅशनल आणि टेट या गॅलऱ्यांची नावं जोडून बॉइडनं तो बनवला होता. २०११ साली या नसलेल्या चित्रकाराचं एक चित्र लिलावात ७,२५० पौंडांना गेलं, पैसे गरजू कलावंतांच्या निधीला.

आणि १९६४ साली स्वीडनच्या गोटेबर्गला पिएर ब्रासो या अज्ञात फ्रेंच चित्रकाराची चित्रं लागली. समीक्षकांनी तोंड भरून स्तुती केली. फटकाऱ्यात नर्तकाची नजाकत आहे, असं काहीसं एकानं लिहिलं. ब्रासो म्हणजे बोरासच्या प्राणिसंग्रहालयातला पीटर नावाचा चार वर्षांचा चिंपांझी. एका पत्रकारानं रखवालदाराला पटवून त्याच्यासमोर रंग ठेवले होते. पीटरला निळा रंग विशेष आवडे, चवीला. तो खाऊन उरला की कॅनव्हासला लागे. शेजारी केळ्यांचा घड असायचाच. बिंग फुटल्यावर त्या समीक्षकाला गाठून विचारलं, आता काय म्हणणं आहे? तो म्हणाला, काही झालं तरी प्रदर्शनातली सगळ्यात चांगली चित्रं तीच होती.